रेंज लिंबाला येते

आमच्या गावात रेंज लिंबाला येते. लिंब म्हणजे कडुनिंब. शाळेच्या मागं जो जुना लिंब आहे, त्याच्या दुसऱ्या बेचक्यात बसायचं, पाय खाली सोडायचे, तोंड टेकडीकडं करायचं आणि मोबाइल असा उंच धरायचा, की जणू आपण त्याला गाव दाखवतोय. मग दोन कांड्या येतात. तिसरी कांडी आली की पोरं झाडावरून ओरडतात, "आली, आली!" आणि खालच्या आळीतल्या बाया हंडे घेऊन बाहेर पळतात. त्यांना वाटतं टँकर आला.

गाव पारनेर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात अब्रू माझीच जाणार आहे. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं असलं तरी एसटीत बसलेला माणूस अजून 'एक नगर द्या' असंच म्हणतो. मीही तसंच म्हणेन. क्षेत्रफळानं हा राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा. सतरा हजारांवर चौरस किलोमीटर, तालुके १४. एका टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाईच्या अंगावर पाऊस धो धो कोसळतो आणि दुसऱ्या टोकाला जामखेडकडं आभाळ नुसतं भरून येतं, बोलून जातं. रेंजचंही तसंच. सरकार पिकांची पैसेवारी काढतं तशी रेंजची काढली असती, तर निम्मा जिल्हा पन्नास पैशांच्या आत येऊन दुष्काळी जाहीर झाला असता.

२०२० च्या जूनमध्ये शाळा उघडायची होती. करोनामुळं ती उघडली नाही, वर्ग मात्र सुरू झाले. मी विज्ञान शिकवतो. आठवी ते दहावी, तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. आमच्या शाळेत एक प्रयोगशाळा आहे, तिच्यात एक कपाट आहे, कपाटाला एक किल्ली आहे आणि ती हेडसरांकडं आहे. लिटमसचे कागद इतके जुने, की निळा कुठला आणि लाल कुठला हे पाकिटावर वाचून सांगावं लागतं. आम्लात बुडवा, अल्कलीत बुडवा, तो कोणाचीच बाजू घेत नाही. त्यामुळं 'आता सगळं ऑनलाइन' असं कळलं तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं. व्हिडिओतल्या बाई नीलवर्णी लिटमस बुडवतात आणि तो पहिल्या बुडीला लालेलाल होतो. टाळ्याच वाजवाव्यात असा.

नववीच्या ग्रुपवर मी पहिला व्हिडिओ टाकला तो वैज्ञानिक पद्धतीवर. निरीक्षण, प्रश्न, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष, अशा पाच पायऱ्या. लिंबावर सहा पोरं, खाली नऊ, फोन दोन. व्हिडिओ सुरू झाला आणि पहिल्याच पायरीवर, 'निरीक्षण' हा शब्द पडद्यावर आला तिथं, चकरी फिरायला लागली. अकरा मिनिटं फिरली. पोरांनी अकरा मिनिटं चकरीचं निरीक्षण केलं.

मग त्यांनी काय केलं हे मला फार उशिरा कळलं. एका पोराच्या चुलत्यानं सांगितलं होतं, की फोनच्या मागं स्टीलचं ताट धरलं की रेंज वाढते. झालं. दुसऱ्या दिवशी अर्धी नववी ताटं घेऊन हजर. गावाला वाटलं शाळेत पंगत आहे. ताट धरणाऱ्यांना खरंच रेंज जास्त यायला लागली, आणि दोन दिवसांत ताटाचा महिमा तिसऱ्या वाडीपर्यंत पोचला.

याच वर्गात एक मुलगी होती. तिला सगळ्यावर शंका. स्टाफरूममध्ये आम्ही तिला 'हरकत' म्हणायचो, कारण विधानसभेत जसा हरकतीचा मुद्दा येतो तसा तिचा हात वर यायचा: तास संपायला दोन मिनिटं असताना, आणि उत्तर आपल्याकडं नसताना. तर हरकतीनं तीन दिवस नुसतं बघितलं आणि सांगितलं, की ताटाचा काही संबंध नाही. ताट घेऊन खालच्या फांदीवर नीट बसता येत नाही, कोपर लागतं. म्हणून ताटवाले वरच्या फांदीवर बसतात आणि वरच्या फांदीला रेंज जास्त येते. मग तिनं ताटवाल्यांना खाली बसवलं आणि बिनताटवाल्यांना वर. ताटं त्याच संध्याकाळी आपापल्या मांडणीत परत गेली.

दुसऱ्या एकानं तर वहीच घातली होती. तारीख, वेळ, फांदी, कांड्या. जुलैच्या अखेरीला त्यानं निष्कर्ष काढला, की गावची लाइट गेली की रेंज लगेच जात नाही, दीड तासानं जाते. म्हणजे टॉवरला बॅटरी आहे. ऑगस्टमध्ये तोच वेळ सव्वा तासावर आला. म्हणजे बॅटरी म्हातारी होत चाललीय. त्या पोरानं आयुष्यात टॉवर जवळून बघितलेला नव्हता.

तोवर मी त्या दोघांनाही 'वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या लिहा' या प्रश्नाला दहापैकी चार गुण देऊन मोकळा झालो होतो. त्यांनी 'प्रयोग' ही पायरी 'अंदाजा'च्या आधी लिहिली होती.

म्यूटचे विनोद आता शिळे झालेत, ते सोडतो. आमच्याकडं खरा प्रश्न म्यूटचा नव्हताच, फोन कुणाचा हा होता. घरात फोन एक, तो बापाचा, आणि बाप कांदा घेऊन मार्केटला गेलेला. म्हणजे सकाळी दहाचा तास पोरगं रात्री नऊला करणार, बाप जेवून आडवा झाल्यावर. मधल्या वेळात धडा बापच बघायचा. एकदा प्रकाशसंश्लेषणाचा व्हिडिओ टाकला, तर संध्याकाळी एका पालकाचा फोन. "सर, ते हरितद्रव्य म्हणता ते कुठल्या कंपनीचं? आमची पात पिवळी पडलीय." मी म्हटलं, अहो ते पानातच असतं. "आसंल हो, पण कमी पडलंय ना. एकरी किती मारायचं तेवढं सांगा." मी विषय बदलला. त्याच ग्रुपवर खाली कांद्याचा भाव आला होता आणि त्याखाली एकानं विचारलं होतं, 'सर हा भाव परीक्षेला आहे का?'

लहान वर्गांचं जरा बरं होतं. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. आज्या नातवंडांच्या आधी येऊन बसायच्या. मोठ्यांसाठी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, दीक्षा अॅपमध्ये उघडणारे. कल्पना उत्तम. पण आमच्याकडं पुस्तक थोरल्याकडून धाकट्याकडं येतं, आणि थोरल्यानं मराठीच्या तासाला त्या कोडमधले सगळे पांढरे चौकोन निळ्या पेनानं भरून ठेवलेले असतात.

पुस्तकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत मधूनमधून चौकटी असतात. 'करून पहा', 'सांगा पाहू', 'इंटरनेट माझा मित्र', आणि सगळ्यांत धाडसी म्हणजे 'जरा डोके चालवा'. ज्यानं ही चौकट पहिल्यांदा घातली असेल त्याला माझा नमस्कार. पण बाजारातल्या गाईडात 'जरा डोके चालवा'ची उत्तरं छापून मिळतात. डोके कसे चालवावे, तीन मुद्द्यांत, तीन गुणांसाठी. मी स्वतः ती फळ्यावर लिहून दिली आहेत. खोटं कशाला बोलू.

ऑगस्टमध्ये मी एक प्रयोग घरी करायला दिला. एक मीटर दोरीला दगड बांधा, झुलवा, वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते कळवा. गणितानं उत्तर चाळीसच्या आसपास येतं. व्हिडिओतल्या काकांचं नेमकं चाळीस आलं होतं. संध्याकाळपर्यंत बावीस जणांचं उत्तर आलं: चाळीस. कुणाचं एकेचाळीस नाही, एकोणचाळीस नाही. गावातले बावीस दगड एका तालात झुलले. मी खूष होऊन बावीस अंगठे टाकले. मग हरकतीचा निरोप आला: त्रेचाळीस, अडतीस, एकेचाळीस, आणि चौथ्या खेपेला 'मध्येच आईनं हाक मारली'. मी लिहिलं, पुन्हा नीट करून पाहा, बाकी सगळ्यांचं चाळीस आलंय. तिचा आवाजी निरोप आला. "सर, बाकीच्यांच्या दगडाला वारा लागत नाही का?"

मी रात्री परड्यात जाऊन दोरी बांधली. माझं पहिल्या खेपेला सव्वाएकोणचाळीस आलं, दुसऱ्या खेपेला बेचाळीस, आणि तिसऱ्या खेपेला दगड सुटून कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला. घरातून विचारणा झाली. मी म्हटलं, विज्ञान. सकाळी बावीस अंगठे काढून घ्यावेत असं फार वाटलं, पण एव्हाना पालकांनी ते बघितले होते.

ग्रहणाची गोष्ट याच्याही आधीची. २१ जून २०२०, रविवार. उत्तरेत कुरुक्षेत्राकडं कंकणाकृती, आपल्याकडं खंडग्रास. सकाळी दहाच्या सुमारास लागलं, दुपारी दीडच्या आत सुटलं. आभाळ ढगाळ, म्हणून सूर्य कुणी बघितला नाही, पण ग्रुपवर मुसळं आली. परातीत पाणी, पाण्यात मुसळ, आणि मुसळ कुणी न धरता सरळ उभं! ग्रहणात मुसळ उभं राहतं हे आमच्याकडं आजीच्या आजीपासून माहीत आहे. त्या दिवशी ग्रुपवर अकरा मुसळं उभी होती आणि प्रत्येकाखाली हात जोडलेल्या खुणा. एका पालकानं लिहिलं, 'विज्ञानाला याचं उत्तर नाही.' विज्ञानाचा शिक्षक ग्रुपचा अॅडमिन होता आणि तो जेवत होता.

सोमवारी सकाळी बारावं मुसळ आलं. हरकतीचं. तीच परात, तेच पाणी, ग्रहण सुटून अठरा तास झालेले, आणि मुसळ उभं. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पाण्याशिवाय, नुसत्या शहाबादी फरशीवर. मुसळाचं बूड सपाट असतं, वजनाचा मध्य त्या बुडावर आणला की ते उभं राहतं, ग्रहण असो की एकादशी. फक्त एरवी ते उभं करून बघायला कुणाला वेळ नसतो. हे तिनं लिहिलं नाही, तिनं नुसते फोटो टाकले, खाली तारखा. शेवटच्या फोटोत मुसळाशेजारी तिची आजी उभी होती, दोघंही सारखीच ताठ.

मला भारीच स्फुरण चढलं. मी ग्रुपवर भला मोठा मजकूर लिहिला. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हाही असंच झालं होतं. चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणानं दूध ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानं खाली उतरतं, पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, वगैरे. चिकित्सा करा, विचारा, तपासा. शेवटी दोन उद्गारचिन्हं. दोन मिनिटांत उत्तर. 'सर, तेव्हा तुम्ही कुठं होता?'

तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि नगरमध्ये एका देवळासमोरच्या रांगेत, माझ्या तेव्हाच्या हेडसरांच्या मागं, वाटीत पावशेर दूध घेऊन उभा होतो. बी.एस्सी. फिजिक्स. दूध गेलं. हेडसर म्हणाले, "बघितलंत?" मी म्हटलं, "बघितलं."

मी ग्रुपवर लिहिलं, 'रेंज जातेय, नंतर बोलू.' त्या दिवशी मी घरात होतो आणि घरी वायफाय होतं.

पुढं शिक्षकांचंही ऑनलाइन प्रशिक्षण निघालं. कुणाचं ते विचारू नका, बरीच होती. त्यातला एक भाग 'चिकित्सक विचार' या विषयावर. बेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ, शेवटी वीस प्रश्नांची चाचणी, सत्तर टक्क्यांना प्रमाणपत्र. व्हिडिओ फोनवर लावून मी शेळ्यांना पाला टाकायला गेलो. येईपर्यंत तो माझ्या वतीनं विचार करून झाला होता. चाचणीची उत्तरं तालुक्याच्या ग्रुपवर आलेलीच होती: १-ब, २-ड, ३-अ. सगळ्यांनी भरली. सातवा प्रश्न असा होता, की 'मिळालेली माहिती स्वीकारण्याआधी काय करावे?' ग्रुपवरचं उत्तर चुकलेलं होतं. अख्ख्या तालुक्याचा सातवा प्रश्न चुकला. पंच्याण्णव टक्के सगळ्यांना, प्रमाणपत्र सगळ्यांना. माझं मी लॅमिनेट करून घेतलंय.

नोव्हेंबरात, २३ तारखेपासून, नववीपासून पुढचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली. निम्मी पोरं आज, निम्मी उद्या, उरलेलं मोबाइलवर. याला आता 'ब्लेंडेड' म्हणायचं असं हेडसरांनी शाळा समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं. मिश्र अध्ययन. कुणालाच काही कळलं नाही, हेडसरांनाही नाही, कारण त्यांनी तोच परिच्छेद दुसऱ्यांदा जास्त मोठ्यानं वाचला. शेवटी कोपऱ्यातले एक म्हातारे सदस्य म्हणाले, "म्हंजी बाजरीत तूर."

मी त्यानंतर या विषयावर बरंच ऐकलं, पण इतकं नेमकं काही ऐकलं नाही. बाजरीत तूर घेतात त्याला कारण असतं. बाजरीची मुळं वर, तुरीची खोल; बाजरी दिवाळीच्या आत निघते, तूर नंतर पसरते; एक बुडालं तर दुसरं हाताशी. पण कुणी तुरीच्या ओळीत बाजरी आणि बाजरीच्या ओळीत तूर पेरत नाही. आम्ही नेमकं तेच करत होतो. जे अंगणात करून बघायचं, दगड, दोरी, मुसळ, ते फोनवर दाखवत होतो; आणि जे फोनवर शोधायचं ते फळ्यावर लिहून देत होतो.

आता एका नारळाची गोष्ट. २०२१ च्या फेब्रुवारीत शाळेत हात धुण्यासाठी पाणी कमी पडायला लागलं. पोरांनी वीस सेकंद हात धुवायचे तर तेवढं पाणी हवं. समितीनं बोअर घ्यायचं ठरवलं, आणि बोअर घ्यायचं म्हणजे पाणाड्या आला. आमच्या पंचक्रोशीत पाणी बघणारे तात्या प्रसिद्ध आहेत. सत्तरी ओलांडलेले, धोतर, पांढरी टोपी, पायाळू. सोललेला नारळ आडवा तळहातावर ठेवून ते चालतात, आणि जिथं खाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो. मी स्वतः बघितलंय. नुसतं बघितलं नाही, त्याच्या तीन वर्षं आधी माझ्या परड्यात त्यांच्या नारळानं दाखवलेल्या जागी मी तीनशे दहा फूट बोअर घेतलंय. पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत फुफाटा. आमच्या घरात त्या भोकाला 'सरांचं विज्ञान' म्हणतात.

तात्यांनी शाळेच्या आवाराला दोन फेऱ्या घातल्या, ओढ्याकडच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला, सगळ्यांनी टोप्या सारख्या केल्या. हात वर आला. तास संपायला दोन मिनिटंही नव्हती, कारण तासच नव्हता.

"सर, नारळ पाण्यानं उभा राहतो का हातानं?"

हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. समितीनं बघितलं. तात्यांनी मात्र तिच्याकडं बघितलं आणि ते मिश्या पुसत हसले. मी म्हटलं, याचं उत्तर आपण उद्या वर्गात बघू. पंचवीस वर्षांत या वाक्यानं मला कधी दगा दिला नव्हता, कारण उद्या कुणाला आठवत नाही. तिला आठवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं घरून नारळ आणला. शेंडी सोललेली, डोळ्यांकडची बाजू पुढं. तात्यांना पट्टी बांधायला सांगणं बरं दिसणार नाही, वडीलधारे आहेत, असं तिचं म्हणणं. म्हणून सरांना बांधू. मला पट्टी बांधली. आधी उघड्या डोळ्यांनी मला ओढ्याकडच्या त्या खुणेवर नेलं, आणि खरं सांगतो, माझ्या हातावर नारळ उभा राहिला. मी उभा केला नाही. हातातल्या हातात तो असा चढला की अंगावर काटा आला. मग पट्टी. पोरांनी मला गोल फिरवलं आणि मैदानात सोडलं. पाच फेऱ्या. प्रत्येक वेळी नारळ उभा राहिला, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. पहिल्यांदा खो-खोच्या खांबाशी, दुसऱ्यांदा झेंड्याच्या ओट्यावर, मग दोनदा मैदानाच्या मधोमध, आणि पाचव्यांदा हेडसरांच्या स्कूटरसमोर. वहीवाल्या पोरानं पाचही जागा टिपल्या. खुणेपासून सगळ्यांत जवळची जागा चौतीस पावलांवर होती. हेडसरांनी स्कूटर हलवून घेतली. न जाणो समितीनं मनावर घेतलं तर.

मग पोरं लिंबावर गेली. मी पाठवली नव्हती. तासाभरानं खाली उतरली ती म्युनिक घेऊन. जर्मनीत १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका गोठ्यासारख्या दुमजली इमारतीत असाच प्रयोग झाला होता. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप इकडंतिकडं सरकवायचा आणि वरच्या मजल्यावर पाणाड्यांनी काठ्या घेऊन तो कुठं आहे ते सांगायचं. शेकडो जणांमधून निवडून काढलेले ४३ पाणाडे आणि ८४३ खेपा. बहुतेकांचा अंदाज चिठ्ठी उचलून सांगितल्यासारखाच निघाला. काही थोड्यांचा बरा आला म्हणून करणारे खूष झाले, तर आकडे पुन्हा तपासणारे म्हणाले, ती नशिबाचीच करामत. म्हणजे तिकडंही समितीचं एकमत झालं नाही. आणि हात आपोआप हलतो याला १८५२ मध्येच विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं नाव ठेवून दिलं होतं: मनात जे असतं ते स्नायू न विचारता करून टाकतात. माझ्या मनात काय होतं ते नारळानं गावासमोर सांगितलं. पट्टी बांधल्यावर माझ्या मनात काही नव्हतं, तेही सांगितलं.

पोरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. आपल्याकडं खाली काळा बेसाल्ट, पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात; नदीसारखी धार कुठं वाहत नसते; ओढ्याच्या अंगाला खणलं तर पाणी लागायची शक्यता तशीही जास्त, हे सगळं त्यांनी फळ्यावर काढलं. हरकत म्हणाली, "सर, हिवरे बाजारात नारळ नाही धरत. पर्जन्यमापक धरतात." हे खरं आहे. आमच्याच जिल्ह्यातलं गाव. पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग कुणी काय पेरायचं ते ठरतं, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला गावानं बंदीच घातलेली. हेडसर म्हणाले, छान, पण मशीन सांगून ठेवलंय.

मशीन आलं. तात्यांच्या खुणेवर लावलं. एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं, चांगलं दोन इंची. तात्यांना हार घातला, नारळ फोडला, आणि गावानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती सांगत नाही. नववीचा वर्ग तीन दिवस गप्प होता. वहीवाल्यानं वहीत नुसतं 'पाणी लागले' असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

न राहवून मी चौथ्या दिवशी संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. तंबाखू मळून झाली. म्हटलं, तात्या, एक विचारू? माझ्या हातात नारळ नुसता कुठंही उभा राहतो. तुमचा बरोबर जागी कसा?

तात्या बराच वेळ ओढ्याकडं बघत राहिले. "गुरुजी, त्या कोपऱ्यात काय हाय?"

"कंपाउंड."

"त्याच्या भाईर?"

मला आठवेना. पंचवीस वर्षं मी त्याच दारानं जात होतो.

"उंबर हाय," तात्या म्हणाले. "दोन उंबरं हायेत, मधी वारूळ. चैतात बी पानं हिरवी. आमच्या बापानं सांगितलं, उंबर कोरड्यात हिरवा ऱ्हायला की खाली बघावं. मी आधी भोवतालनं सगळं बघून घेतो. मंग नारळ काढतो."

हे मी नंतर घरी येऊन शोधलं. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत भूजलावर दकार्गल नावाचा अख्खा अध्याय लिहिला आहे, त्यात कोणतं झाड, कुठं वारूळ आणि किती खोल पाणी याचे आडाखे आहेत. तात्यांना तो माहीत नाही, त्यांना उंबर माहीत आहे. पण त्या वेळी ओट्यावर मला एवढंच सुचलं, की मग नारळ कशाला?

"नुसतं उंबर बघून सांगितलं तर अकराशे रुपये कोन देईल, गुरुजी? तुमच्या पोरी देतील का?"

ते हसले, मीही हसलो, आणि मग हसता हसता मला माझे तीनशे दहा फूट आठवले. म्हटलं, तात्या, माझ्या परड्यात उंबर कुठं होता हो?

"नव्हताच की," तात्या म्हणाले. "म्हनून तर तुमच्याकडं आल्या आल्या नारळ काढला."